‘अफवा’ या शब्दाआड कोण दडते?

‘नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये’ हे वाक्य आपल्या परिचयाचे आहे. दंगल होवो, साथ येवो, धरणाला तडा गेल्याची बोलवा उठो. प्रशासनाच्या पत्रकात हे वाक्य असतेच आणि वृत्तपत्रेही ते बातमीच्या शेवटी इमानेइतबारे छापतात. वाक्य निर्दोष आहे, हेतू चांगला आहे. तथापि त्याचा उपयोग फारसा होत नाही, आणि तो का होत नाही याचे कारण ‘अफवा’ हा शब्द आपण ज्या रीतीने वापरतो त्यात आहे. अफवेवर, ती अफवा आहे असे समजून, कोणीही विश्वास ठेवीत नाही. लोक विश्वास ठेवतात तो बातमीवर, शेजाऱ्याच्या सांगण्यावर, मेहुण्याने पाठविलेल्या चित्रफितीवर. ती अफवा होती हे मागाहून कळते. दुसऱ्याने मानलेल्या खोट्या गोष्टीला आपण अफवा म्हणतो. आपण मानलेल्या गोष्टीला माहिती म्हणतो.

हे ‘मागाहून कळणे’ किती महाग पडते, हे नंदुरबार आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील वाचकांना सांगावयास नको.

रविवार, दि. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवडे बाजार भरला होता. योगायोग असा, की धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्याला त्याच दिवशी वीस वर्षे पूर्ण होत होती. विभाजनात साक्री तालुका धुळ्याकडे राहिला, पण त्याची शीव नंदुरबार आणि नवापूर या तालुक्यांना लागून आहे. सोयरीक आणि बाजारहाट यांना जिल्ह्याची हद्द कळत नाही. त्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या भटक्या समाजाचा पिढीजात व्यवसाय होय. त्यांच्यापैकी कोणी एका लहान मुलीशी बोलताना दिसला, असे नंतर सांगण्यात आले. मुले पळविणारी टोळी परिसरात फिरत असल्याचे संदेश त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन कोंडले आणि मारले. पाचही जण मरण पावले. गावातील कोणाचेही मूल त्यांनी पळविलेले नव्हते.

त्याच रात्री मालेगावात एका लहान मुलासह पाच जणांचे कुटुंब अशाच संशयाने जमावाच्या तावडीत सापडले. तेथे पोलीस वेळेवर पोहोचले आणि ते पाच जीव वाचले.

वृत्तपत्रांनी राईनपाड्याच्या मृतांना ‘अफवेचे बळी’ म्हटले. या शब्दप्रयोगाविषयी थोडे थांबून विचार करण्याजोगे आहे. पुराचे बळी, विजेचे बळी, तसे अफवेचे बळी! जणू काही पाच माणसे एखाद्या नैसर्गिक आपत्तीत सापडली. पुराला आईबाप नसतो, अफवेला असतो. पण आपली भाषा त्याला मोठ्या सफाईने पडद्याआड करते. ‘अफवा उठली’, ‘अफवा पसरली’, ‘अफवेला ऊत आला’ असे आपण लिहितो. उठली ती अफवा, पसरली ती अफवा. उठविणारा वाक्यात कोठेच नाही. मराठीत याहून रोखठोक शब्द नाहीत असे नव्हे. ‘कंडी पिकविणे’, ‘वावडी उठविणे’, ‘पुडी सोडणे’, ‘थाप मारणे’, ‘हूल देणे’ या साऱ्यांना कर्ता लागतो. वावडी म्हणजे पतंग. पतंग उडतो तेव्हा त्याची दोरी कोणाच्या तरी हाती असणारच, हे या शब्दाला ठाऊक आहे. लोणकढी थाप म्हणजे लोणी कढवून नुकत्याच काढलेल्या तुपासारखी ताजी थाप. तेथे कढविणारा गृहीतच धरलेला आहे. परंतु गावगप्पांतले हे शब्द गंभीर प्रसंगी आपण बाजूला ठेवतो. पाच माणसे मेली की ‘कंडी’ हा शब्द उथळ वाटतो, म्हणून आपण ‘अफवा’ लिहितो, आणि नेमक्या त्याच वेळी कर्ता हरवतो.

शब्दाचे मूळही याला पोषक आहे. ‘अफवा’ हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला असला तरी मूळचा अरबी आहे. अरबीत ‘फूह’ म्हणजे तोंड, आणि ‘अफवाह’ हे त्याचे अनेकवचन. अफवा म्हणजे तोंडे! कोणाचे तोंड, हे सांगण्याची सोय शब्दातच नाही. पुष्कळ तोंडे, एवढेच. हिंदीने हा शब्द घेतला, गुजरातीने घेतला, आपण घेतला. ज्या नवापूर रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, तेथे फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले तरी हा शब्द बदलत नाही. संस्कृताने याच गोष्टीसाठी ‘किंवदंती’ हा शब्द दिला आहे. ‘किं वदन्ति’, म्हणजे काय म्हणतात? तो निदान प्रश्न तरी आहे. आणि ‘कर्णोपकर्णी’ हा आपला जुना शब्द कानांची साक्ष काढतो. तोंडे झाली, कान झाले. या साऱ्या शब्दांत डोळा मात्र कोठेही नाही, हे लक्षात घ्यावे. सांगोवांगीचे साक्षीत चालत नाही, ज्याने पाहिले त्यानेच सांगावे, हा न्यायालयाचा नियम या डोळ्यासाठीच आहे.

मोबाइलने हा हिशेब बिघडविला. तोंडाने सांगितलेली गोष्ट दर घरी थोडी बदलते, तिचा बोजवारा उडतो, कोणी हसतो, कोणी म्हणतो ‘कालच तर दुसरे सांगत होतास’. शिवाय सांगणारा समोर असतो; ‘तुला कोणी सांगितले?’ असे त्याला विचारता येते. पुढे पाठविलेला संदेश दहा हजाराव्या माणसाकडेही जसाच्या तसा पोहोचतो, आणि सोबत चित्र असते. म्हणजे डोळ्याची साक्षही आली! २०१८ साली देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात पाकिस्तानातील कराची येथील एका संस्थेने बालसुरक्षेविषयी जागृतीसाठी तयार केलेली होती. तीत दोन मोटरसायकलस्वार रस्त्यावरून मूल उचलतात, आणि लगेच परत आणून सोडून पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. कोणी तरी तो शेवट कापला. उरले ते मूल पळविण्याचे दृश्य. दुसऱ्या एका दृश्यात लहान मुलांचे मृतदेह ओळीने ठेवलेले होते. ती मुले २०१३ साली सीरियातील घौटा येथे विषारी वायूच्या हल्ल्यात मरण पावलेली. कराची आणि घौटा यांची मुले अशी आपल्याकडच्या आईबापांच्या काळजात उतरली. पाहणाऱ्याने खरोखरच डोळ्यांनी पाहिले होते. काय पाहिले, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

कापलेला शेवट हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पुष्कळदा फसविणाऱ्या माहितीत धडधडीत खोटे फार थोडे असते. २०१७ साली युरोप परिषदेसाठी क्लेअर वॉर्डल आणि होसेन देरख्शान या अभ्यासकांनी अशा माहितीचे तीन प्रकार केले. चुकीची पण निष्पापपणे दिलेली, जाणूनबुजून फसविण्यासाठी रचलेली, आणि खरी असूनही इजा करण्यासाठी वापरलेली. मराठीत आपण तिन्हींना ‘अफवा’ म्हणतो, फार तर ‘फेक न्यूज’ म्हणतो. त्यामुळे ज्याने शेवट कापला तो कपटी आणि ज्या मातेने घाबरून तो संदेश बहिणीला पाठविला ती, दोघेही एकाच तराजूत बसतात; किंवा दोघेही सुटतात. भूलथाप हा आपला शब्द येथे अधिक नेमका ठरावा. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर देतो तीही भूल, आणि थापेने पडते तीही भूल. भूल उतरेपर्यंत काय कापले गेले ते रुग्णाला कळत नाही.

आता या संदेशांचा सूर पाहा. ‘आपल्या मुलांना सांभाळा’, ‘सावध राहा’, ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’. द्वेषाचा शब्द नाही. सारी काळजी आहे. म्हणूनच तो पुढे पाठविणाऱ्याला आपण काही वाईट केले असे वाटत नाही. उलट एक सत्कृत्य घडले असे वाटते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश याच विषयाला वाहिला होता. संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या सणादिवशी, २४ जानेवारी रोजी तो प्रसिद्ध झाला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत राईनपाडा घडले. उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्पाला पोपमहोदयांनी पहिल्या खोट्या बातमीचा जनक म्हटले होते. तो सर्प आरंभीच खोटे सांगत नाही. तो हव्वेच्या हिताची चौकशी करतो, प्रश्न विचारतो, आणि प्रश्नातच देवाच्या आज्ञेचा विपर्यास करतो. हितचिंतकाचा वेश घेतल्याखेरीज भूलथाप घरात शिरत नाही.

आठवी आज्ञा आपण लहानपणी पाठ केलेली असते, आणि ‘खोटी साक्ष देऊ नको’ म्हणजे ‘खोटे बोलू नको’ एवढाच तिचा अर्थ बहुतेकांच्या मनात राहतो. कॅथलिक श्रद्धाग्रंथ मात्र या आज्ञेखाली तीन निराळे अपराध सांगतो. खोटे बोलून दुसऱ्याची बदनामी करणे हा एक. दुसऱ्याचे खरेच असलेले दोष कारणावाचून चव्हाट्यावर आणणे हा दुसरा. आणि पुरेशा आधाराशिवाय दुसऱ्याला दोषी मानणे, मग ते मनातल्या मनात का असेना, हा तिसरा; त्याला उतावीळ निवाडा म्हणता येईल. हा तिसरा अपराध बोलणाऱ्याचा नाही, ऐकणाऱ्याचा आहे. पापनिवेदनात ‘मी खोटे बोललो’ असे पुष्कळ जण सांगत असतील. ‘मी खोटे मानले’ असे सांगणारे किती असतील? राईनपाड्याच्या बाजारात जमलेल्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी खोटी बातमी रचलेली नसेल. त्यांनी ती मानली, एवढेच.

येथवर अफवेची एक बाजू झाली. दुसरी बाजू तितकीच आपल्या जिल्ह्यातील आहे आणि ती विसरून चालणार नाही, कारण ‘अफवा’ हा शब्द खऱ्या गोष्टीचे तोंड बंद करण्यासाठीही वापरता येतो.

दि. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतात प्रथमच बर्ड फ्लू आढळल्याचे शासनाने जाहीर केले, आणि त्या दिवशी नवापूर हे नाव जगभर गेले. नवापूर तालुक्यातील कुक्कुटपालन केंद्रांत त्याआधी काही आठवड्यांपासून कोंबड्या मरत होत्या. ही राणीखेत रोगाची मर आहे, असे व्यावसायिक सांगत होते. राणीखेत हा कोंबड्यांचा जुना, परिचित रोग असल्याने ते पटण्यासारखेही होते. भोपाळ येथील उच्च सुरक्षा प्रयोगशाळेचा अहवाल आल्यानंतरही कुक्कुटपालन उद्योगातील काही जण तोच दावा करीत राहिले. दुसऱ्याच दिवसापासून पक्षी मारण्याची मोहीम सुरू झाली. लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. माणसांना लागण झाल्याच्या वार्ता उठल्या, काहींना रुग्णालयात वेगळे ठेवण्यात आले, परंतु माणसातील एकही लागण सिद्ध झाली नाही. देशभर कोंबडीचे आणि अंड्यांचे भाव कोसळले, आणि ज्यांनी कर्ज काढून शेड उभारल्या होत्या ते देशोधडीला लागले.

या प्रसंगात अफवा कोणती होती? ‘रोग आहे’ ही, की ‘रोग नाही’ ही? ‘माणसे मरतील’ ही भीती खोटी ठरली. ‘हा राणीखेतच आहे’ हा दिलासाही खोटा ठरला. एकाच गावात, एकाच आठवड्यात, दोन्ही बाजू एकमेकांच्या म्हणण्याला अफवा म्हणत होत्या. निकाल लागला तो प्रयोगशाळेत, आणि तो लागेपर्यंत हा शब्द केवळ एक शस्त्र होते. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला तेव्हा निदान रोगाच्या नावावरून वाद घालण्यात पूर्वीइतका वेळ गेला नाही.

म्हणूनच अफवा कोणती हे कोणी ठरवावे, हा प्रश्न महत्त्वाचा होतो. केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, शासनाच्या कारभाराविषयीची कोणती माहिती ‘बनावट, खोटी वा दिशाभूल करणारी’ आहे हे ठरविण्यासाठी स्वतःचाच एक तथ्य तपासणी कक्ष नेमण्याची तरतूद केली. तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. हे तीन शब्द संदिग्ध आहेत आणि त्यांची व्याख्याच केलेली नाही, हा निकालातील एक प्रमुख मुद्दा होता. ज्या शब्दाचा अर्थ ठरलेला नाही त्याच्या आधारे शासन स्वतःच्याच बाबतीत न्यायाधीश कसे होणार? हा निर्णय योग्यच होता असे आमचे मत आहे. मात्र त्यामुळे एक जबाबदारी आपल्यावर आली. शासनाने ठरवू नये, तर मग वाचणाऱ्याने ठरविण्याची तयारी ठेवली पाहिजे.

ती तयारी किती कठीण आहे हे पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दिसले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने पोलिसांच्या देखत ठार मारले. चोर आणि मुले पळविणारे रात्री फिरतात, अशी बोलवा तेथेही आधीपासून होती. राईनपाड्यातील बळी भगव्या वस्त्रांशी नाते सांगणारे भिक्षेकरी, गडचिंचल्याचेही साधू. दोन्ही ठिकाणी गुन्हा एकच, अनोळखी असणे. पण गडचिंचल्यात एक दुसरी अफवा पहिलीच्या प्रेतावर उभी राहिली. हे कृत्य एका विशिष्ट धर्माच्या लोकांचे आहे, असे सांगितले जाऊ लागले. चित्रफितीत कोणी तरी ‘ओए बस’ असे ओरडतो. ते ‘शोएब बस’ असे आहे, असा प्रचार झाला. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना २२ एप्रिल रोजी अटक केलेल्या १०१ जणांची नावे प्रसिद्ध करून, त्यांत एकही मुस्लिम नाही, असे स्पष्ट करावे लागले. काहींनी मिशनऱ्यांकडेही बोट दाखविले. दोन अक्षरे कानाने बदलली आणि एक सबंध समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला! ज्यांना जे ऐकावयाचे होते ते त्यांनी ऐकले. खुलासा पोहोचेपर्यंत ते ऐकून झालेले होते.

पळवून नेण्याचा संशय आपल्या दारापर्यंत किती सहज येतो, हे २५ जुलै २०२५ रोजी छत्तीसगढमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर दिसले. नोकरीसाठी निघालेल्या तीन युवतींना घेण्यासाठी आलेल्या केरळच्या दोन धर्मभगिनी आणि एक आदिवासी युवक यांना मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. मुली आमच्या संमतीने जात होत्या, असे कुटुंबीयांनी सांगितले. २ ऑगस्ट रोजी त्यांना जामीन मिळाला. सातपुड्याच्या पाड्यांवर पायी फिरणाऱ्या धर्मभगिनी, धर्मशिक्षक, परिचारिका यांना या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु आपल्यावर संशय घेतला गेला की तो अन्याय, आणि आपण डवरी गोसाव्यावर घेतला की ती खबरदारी, असे मानता येणार नाही.

सातपुड्यात एक जुनी गोष्ट आहे जिच्यात तोंड ओळखता येते. ती म्हणजे डाकीण. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत एखादे मूल दगावले, गुरे मेली, ताप हटेना, की भगताकडे जावे आणि त्याने एखाद्या बाईकडे बोट दाखवावे, हा प्रकार अद्याप संपलेला नाही. बहुधा ती विधवा असते किंवा एकटी राहणारी असते, आणि पुष्कळदा तिच्या नावावर थोडी जमीन असते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या भागात वर्षानुवर्षे या प्रथेविरुद्ध काम केले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, असे भासविणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला आहे. मारहाण होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. बोट दाखविणे पुरे. आमच्या दृष्टीने हा या कायद्याचा सर्वांत शहाणा भाग आहे, कारण तो उठलेल्या गोष्टीकडे न पाहता उठविणाऱ्याकडे पाहतो.

राईनपाड्याच्या बाबतीत कायद्याला हे जमले नाही. मारणाऱ्यांना धरता आले, कारण मारहाणीचे चित्रण बघ्यांनीच केलेले होते. पण पहिला संदेश कोणी लिहिला, याचे उत्तर अशा प्रकरणांत क्वचितच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला प्रकरणात निर्देश दिले: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी जमावहिंसा रोखण्यासाठी जबाबदार असावा, असे संदेश पसरविणाऱ्यांवर गुन्हे दाखल व्हावेत, खटले जलद चालावेत. व्हॉट्सॲप कंपनीने त्याच महिन्यात पुढे पाठविलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पाठविण्यास बंदी केली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. उपाय उपयुक्त आहेत. पण ‘फॉरवर्डेड’ म्हणजे पुढे पाठविलेला; कोणी, हे तेथेही लिहिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत खोटी माहिती वा अफवा पसरविणे हा कलम ३५३ खाली गुन्हा आहे, आणि पाच वा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी कलम १०३ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. ती वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा ‘वा तत्सम’ कारणांसाठी झालेल्या खुनाला लागू होते. मूल पळविणारा समजून मारलेला परका माणूस ‘तत्सम’ मध्ये बसतो काय, याचा अर्थ न्यायालयांना लावावा लागेल.

दरम्यान, अफवेचे खंडन कसे करावे याचा एक धडा याच जिल्ह्याने दिला आहे. २०२१ साली कोरोना लसीविषयी पाड्यापाड्यांवर भीती होती: लस घेतली की माणूस मरतो, पुरुषत्व जाते. त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः साक्री तालुक्यातील सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातील. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघरी फिरले. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ या फलकाने जे होत नव्हते ते ‘मी घेतली, माझ्या आईने घेतली, बघ, आम्ही जिवंत आहोत’ या वाक्याने हळूहळू होऊ लागले. कारण उघड आहे. त्या वाक्याला कर्ता आहे, तोंड एकच आहे, आणि ते समोर आहे.

मूल पळविण्याच्या भीतीबाबतही हे करता येण्याजोगे आहे. पोलीस ठाण्याने ‘अफवा आहे’ एवढे म्हणून थांबण्याऐवजी, आमच्या हद्दीत गेल्या सहा महिन्यांत मूल हरविल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, त्यांतील इतकी मुले सापडली, असे आकडे ठाणे अंमलदाराच्या नावानिशी बाजाराच्या दिवशी सांगावेत. अहिराणीत सांगावेत, पावरीत, मावचीत सांगावेत. बाजार हे आपल्याकडील खरे वृत्तपत्र आहे, आणि राईनपाड्यातही जमाव बाजाराचाच होता. धर्मग्रामांतील जाणत्या मंडळींना, पोलीस पाटलांना, शिक्षकांना यात सहभागी करून घेणे अवघड नाही. आणि एखादा संदेश आला की तो खरा की खोटा या वादात शिरण्यापूर्वी ‘तुला हे कोणी पाठविले?’ एवढे विचारावे. उत्तर बहुधा ‘ग्रुपवर आले’ असे येते. ‘आले’ म्हणणाऱ्याला पुन्हा एकदा ‘कोणाकडून?’ असे विचारण्यास हरकत नाही.

हे काम पावसाळा संपण्यापूर्वी व्हावयास हवे. दिवाळीनंतर अक्कलकुवा, धडगाव, तळोदा येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत व महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत जाऊ लागतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी असतात, कोंबड्या असतात आणि आईच्या मांडीवर मूल असते. भाषा वेगळी, चेहरा अनोळखी. वाटेत ज्या गावी पाणी प्यावयास ट्रक थांबतो, तेथे ते मूल कोणाचे हे ठाऊक असलेले एकही माणूस नसते.